गाडी मिळाली, पण डिझेलचं काय?

मागच्या अंकात गरजू मुलांसाठीच्या फिरत्या दवाखान्यांबद्दल लिहिताना मी एक वाक्य सहज टाकलं होतं, की गाडी द्यायला माणसं पुढे येतात, डिझेल द्यायला कोणी येत नाही. त्यावर एवढे मेल आणि मेसेज आले की यावेळचं सदर अख्खं त्यालाच द्यावं लागतंय. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगून ठेवते. मी बारा वर्षं अशाच एका स्वयंसेवी दवाखान्याची वही सांभाळली, म्हणजे पैसे मागायचे, पावत्या फाडायच्या आणि महिनाअखेरीला डोक्याला हात लावून बसायचं. त्यामुळे औषधांचं तुमच्या डॉक्टरांना विचारा, पैशाचं मला. विचारणाऱ्यांची नावं छापलेली नाहीत, बऱ्याच जणांनी तशी विनंतीच केली होती.

प्रश्न : आम्ही आठ जण आहोत, तीन डॉक्टर, एक नर्स, बाकी आम्ही हौशी मंडळी. ओळखीच्या एका गृहस्थांनी त्यांची जुनी व्हॅन फुकट देऊ केलीये. महिन्यातून दोनदा मुलांची तपासणी करायची असं ठरलंय. आता लोकांकडे पैसे मागायचे तर नेमके किती मागायचे हेच कळत नाहीये, कोणी काही आकडा सांगतो कोणी काही.

उत्तर : आधी त्या व्हॅनच्या खाली वाकून बघा. चेष्टा नाही करत, खरंच एखाद्या मेकॅनिकला घेऊन जा आणि टायर, बॅटरी, ब्रेक, क्लच, सगळं बघून घ्या, कारण फुकट मिळालेली गाडी बऱ्याचदा पांढरा हत्ती निघते, आणि देणाऱ्याने एवढ्या प्रेमाने दिलेली असते की ती परत घ्या असं म्हणायला जीभ रेटत नाही. 1914 मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा मेरी क्युरींनी एक्स-रे मशीन गाडीत बसवून जखमी सैनिकांपर्यंत न्यायचं ठरवलं, गाड्या आणि पैसा त्यांनी मागूनच उभा केला, पॅरिसमधल्या श्रीमंत बायकांकडून गाड्या मिळवल्या, अशा वीसेक गाड्या फिरायला लागल्या. हे बहुतेकांना माहीत असतं. पण दोन नोबेल मिळालेली ही बाई त्यासाठी ड्रायव्हिंग शिकली, टायर बदलायला शिकली आणि कार्बोरेटर साफ करायलाही शिकली, हे कोणी सांगत नाही. मला तरी एक्स-रेपेक्षा हेच जास्त भारी वाटतं, कारण दवाखाना फिरता असला की निम्मा दवाखाना म्हणजे गाडीच असते.

आता आकडा. वर्षाचं मोठं बजेट करत बसू नका, एका फेरीचा खर्च काढा. वहीच्या एका पानाचे दोन भाग करा. डावीकडे जे गाडी हलली नाही तरी वर्षभरात लागतंच ते लिहा, म्हणजे विमा, सर्व्हिसिंग, टायरसाठी बाजूला टाकायचे पैसे, पार्किंग, ड्रायव्हर पगारी असेल तर पगार. उजवीकडे गाडी हलली की लागतं ते, डिझेल, टोल, औषधं, हातमोजे, घसा बघायच्या लाकडी पट्ट्या, थर्मामीटरचे सेल, केसपेपर छापणं, स्वयंसेवकांचं चहापाणी. डावीकडची बेरीज वर्षातल्या फेऱ्यांनी भागायची आणि उजवीकडच्या बेरजेत मिळवायची, झाला एका फेरीचा खर्च. तुमच्या वर्षाला 24 फेऱ्या होणार असं तुम्ही म्हणताय, पण डॉक्टरांच्या ड्युट्या, परीक्षा, गाडीचं आजारपण हे सगळं धरून प्रत्यक्षात 12च झाल्या तर डावीकडचा खर्च प्रत्येक फेरीवर दुप्पट बसतो, आणि हे पहिल्या वर्षी हमखास होतं, आमचं झालं होतं. त्यामुळे भागताना 24 ने नाही, 16-17 ने भागा.

आणि आता खरी गोम. एक फेरी हा हिशेबाचा एकक झाला, उपचाराचा नाही. मुलामध्ये रक्त कमी निघालं तर लोहाचं औषध साधारण तीन महिने द्यावं लागतं, आणि ते पोटात जातंय की कपाटात पडलंय हे बघायला परत जावं लागतं. जंताची गोळी सहा महिन्यांनी परत. सांधेतापाने ज्या मुलाच्या हृदयाची झडप बिघडलीये त्याला पेनिसिलिनचं इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी, आणि तेही वर्षानुवर्षं. म्हणून मी कोणालाही एका फेरीचे पैसे मागत नाही, त्याच ठिकाणच्या चार फेऱ्यांचे मागते, पहिली तपासणी आणि मग तीन महिने दर महिन्याला एक. चारांचे जमले नाहीत तर पहिली फेरीच काढायची नाही. एकदा जाऊन वजनं करून फोटो काढून यायचं त्याला मेळावा म्हणतात, त्याच्यासाठी डॉक्टर कशाला हवेत.

अजून एक, देणगीदाराला मुलांचा आकडा कबूल करून बसू नका. तीन डॉक्टर सहा तास बसले तर 1080 मिनिटं होतात. 100 मुलं बघितली तर प्रत्येकाला पावणेअकरा मिनिटं मिळतात, 300 बघितली तर साडेतीन. साडेतीन मिनिटांत रडणाऱ्या दोन वर्षांच्या बाळाचा सदरासुद्धा निघत नाही.

प्रश्न : मी आमच्या ग्रुपसाठी सोशल मीडियावर आवाहन लिहिलं, गरीब मुलांच्या आरोग्याची आकडेवारी दिली, किती लाख मुलं कुपोषित, किती मुलांना डॉक्टरच दिसत नाही वगैरे. 400 लाइक आले आणि पैसे आले सहा जणांकडून, त्यातले दोघे माझे मामा. मैत्रीण म्हणते आजारी मुलांचे फोटो टाक, मग बघ. मला ते पटत नाहीये पण पैसे तर हवेत.

उत्तर : मामांना माझा नमस्कार सांगा, प्रत्येक दवाखाना मामांवरच सुरू होतो.

तुमची मैत्रीण अर्धी बरोबर आहे. 2007 मध्ये डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेन्स्टाइन आणि पॉल स्लोविक या तिघांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लोकांच्या हातात आधी पाच डॉलर दिले आणि मग देणगी मागितली. काहींना फक्त आफ्रिकेतल्या उपासमारीची आकडेवारी वाचायला दिली, त्यांनी सरासरी 1.14 डॉलर दिले. काहींना माली देशातल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या एकाच मुलीबद्दल सांगितलं, त्यांनी 2.38 दिले. इथपर्यंत आपल्याला वाटतंच की असं होणार. गंमत पुढे आहे, तिसऱ्या गटाला रोकियाही दिली आणि आकडेवारीही दिली, तर आकडा 1.43 वर घसरला. म्हणजे आकड्यांनी मदत तर केली नाहीच, वर मुलीचं पण नुकसान केलं. लाखांचा आकडा वाचला की माणसाला वाटतं आपल्या दोन पैशांनी काय होणार, आणि तो लाइक देऊन पुढे सरकतो. तुमचे 400 लाइक तेच आहेत.

पण याचा अर्थ मुलांचे फोटो टाका असा नाही. फोटोचा जोर मोठा असतो हे खरंय. 1919 मध्ये इंग्लंडमध्ये एग्लंटाइन जेब यांनी उपाशी मुलांचे फोटो छापलेली पत्रकं लंडनच्या ट्रफाल्गर चौकात वाटली, युद्ध संपूनही शत्रूच्या देशांची नाकेबंदी चालू होती आणि तिथली मुलं उपाशी मरत होती म्हणून. त्यांना अटक झाली, खटला चालला, पाच पौंड दंड झाला, आणि सरकारी वकिलानेच खटल्यानंतर स्वतःच्या खिशातून पाच पौंड काढून दिले, ते त्यांनी मुलांच्या फंडात टाकले. सेव्ह द चिल्ड्रन ही संस्था तिथून उभी राहिली. ज्याने दंड व्हावा म्हणून भांडण केलं त्यालाच खिशात हात घालायला लावणारी बाई, काय म्हणावं! पण तेव्हाची पत्रकं वाटून झाली की संपायची, ज्या मुलाचा फोटो आहे त्याच्या वर्गातल्या पोरांच्या हातात ती कधी पडणार नव्हती. आता पडतात. आमच्या एका स्वयंसेवकाने खरजेने हात भरलेल्या एका मुलाचा फोटो टाकला होता, चांगल्या मनानेच, पैसेही बरे आले, पण आठवडाभरात तो फोटो फिरत फिरत त्याच्याच शाळेत पोचला आणि पुढच्या फेरीला तो मुलगा आलाच नाही. आई एकटीच आली. म्हणाली, "फोटो काढायचे असतील तर आम्हाला औषध नको ताई." त्या दिवशी मी वहीत त्या फोटोवर आलेल्या पैशांपुढे एक फुली मारली, ते पैसे परत तर करता येत नव्हते, पण आजही ती फुली दिसली की पोटात कसंतरी होतं. 1989 च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात सोळावं कलम मुलांच्या खाजगीपणाचं आहे, ते मी त्यानंतर वाचलं, आधी वाचायला हवं होतं.

मग काय करायचं, तर एकच गोष्ट दाखवायची, पण मूल दाखवायचं नाही, वस्तू दाखवायची. कुपोषण ओळखायची दंडाची पट्टी घ्या. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलाच्या डाव्या दंडाला ती गुंडाळतात, साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आलं तर लाल, साडेअकरा ते साडेबारा पिवळं, त्याच्या वर हिरवं. साडेअकरा सेंटिमीटर म्हणजे किती, हे वाचणाऱ्याला स्वतःच्या हातावर करून बघू द्या, अंगठा आणि तर्जनी जुळवून जे कडं होतं जवळपास तेवढं. मी आवाहन असं लिहीन : "मागच्या फेरीत दोन मुलांच्या दंडाला ही पट्टी लालवर थांबली. दोघांनाही मोठ्या दवाखान्यात पोचवलंय. घरी आल्यावर त्यांना दर आठवड्याला परत मोजायचंय, त्यासाठी गाडी पाठवायचीये. एका खेपेचा खर्च अमुक. आत्तापर्यंत तीन खेपांचे जमलेत, पाच बाकी आहेत." बस्स. रडवणारं विशेषण एकही नको. आणि ते "पाच बाकी आहेत" सगळ्यात महत्त्वाचं, माणसाला आपण कुठे बसतोय ते दिसलं पाहिजे. पाच झाले की त्याच जागी लिहायचं की झाले, आता पाठवू नका. हे लिहायला जीव होत नाही, पण एकदा लिहून बघा, पुढच्या वेळी लोक किती पटकन देतात ते.

प्रश्न : लोक पैसे देत नाहीत पण घरातली उरलेली औषधं, सॅम्पलच्या बाटल्या, असं पोतंभर आणून देतात. नाही म्हटलं तर चालतं का? वाईट वाटेल त्यांना.

उत्तर : चालतं. वाटू दे वाईट.

1988 च्या आर्मेनियातल्या भूकंपानंतर तिथे जगभरातून 5000 टन औषधं आणि वैद्यकीय सामान येऊन पडलं होतं. नेमकं काय आलंय हे समजायलाच 50 माणसांना सहा महिने लागले. आठ टक्के माल पोचला तेव्हाच मुदत संपलेला होता, चार टक्के थंडीने खराब झाला, आणि उरलेल्यातलं सहज ओळखता येईल असं जेमतेम 30 टक्के. असे अनुभव गाठीशी आल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने 1996 मध्ये देणगीच्या औषधांसाठी नियमावलीच काढली. त्यातले दोन नियम तुमच्या गाडीच्या दारावर चिकटवा, एक, रुग्णाला दिलेली आणि उरून परत आलेली औषधं आणि फुकट सॅम्पल घ्यायची नाहीत, दोन, औषध पोचेल तेव्हा त्याची मुदत किमान एक वर्ष शिल्लक हवी. अर्धी फोडलेली अँटिबायोटिकची बाटली तर विचारूच नका, पावडरमध्ये पाणी घातल्यावर ते औषध एक-दोन आठवड्यांचंच असतं.

आमच्याकडे एका कंपनीने खोक्यांवर खोकी खोकल्याचं औषध पाठवलं, मुदत दोन महिन्यांची, आणि सोबत त्यांचा फोटोग्राफर. औषध लहान मुलांना द्यायचं नव्हतंच, ते टाकून द्यायलाही रीतसर विल्हेवाट लावावी लागते, तिचे पैसे आम्हीच भरले. देणगीवर खर्च करायची वेळ आली. तेव्हापासून मी एक छापील यादी ठेवते, ओआरएसची पाकिटं, झिंकच्या 20 मिलिग्रॅमच्या गोळ्या (जुलाब झालेल्या मुलाला दहा ते चौदा दिवस देतात, म्हणजे खूप लागतात), तापाचं औषध, जंताच्या गोळ्या, खरजेचं मलम. कोणी औषध देतो म्हटलं की यादी पुढे करायची आणि म्हणायचं, हे घाऊक दुकानातून आम्ही घेतो, बिल तुम्ही भरा. घाऊकमध्ये तेच औषध स्वस्तही पडतं. ज्याला खरंच द्यायचंय तो बिल भरतो, ज्याला कपाट रिकामं करायचंय तो परत फिरकत नाही, दोन्ही बरंच.

प्रश्न : एका मोठ्या कंपनीशी बोलणं चाललंय, ते वर्षाचा पूर्ण खर्च उचलतो म्हणतायत. आमच्यातले काही जण म्हणतात मग लोकांकडून शंभर ठिकाणी हात पसरायची कटकट कशाला. तुमचं काय मत?

उत्तर : कंपनीचे पैसे घ्या आणि शंभर ठिकाणची कटकट चालूच ठेवा. आमच्याकडेही असेच एक मोठे दाते होते, तीन वर्षं अगदी वेळेवर पैसे यायचे, चौथ्या वर्षी तिथले साहेब बदलले, नव्या साहेबांना झाडं लावायची होती, आणि आमची गाडी पाच महिने एका जागी उभी राहिली. झाडं लावण्यात काही वाईट नाही हो, पण इंजेक्शनची मुलं त्या पाच महिन्यांत कुठे गेली असतील? शंभर जण महिन्याला थोडे थोडे देत असतील तर एक गेला की एक टक्का जातो, एकच देत असेल तर तो गेला की शून्य राहतं. माझा आपला नियम, कोणा एकाचा पैसा वर्षाच्या खर्चाच्या एक तृतीयांशाच्या वर जाऊ द्यायचा नाही, कंपनीने जास्त दिला तर तो बँकेत सहा महिन्यांची गंगाजळी म्हणून बाजूला ठेवायचा आणि त्यांना तसं लेखी सांगायचं.

लहान पैशाला हसू नका. 1938 च्या जानेवारीत अमेरिकेत पोलिओविरुद्ध काम करणाऱ्या एका संस्थेसाठी रेडिओवरून आवाहन झालं, प्रत्येकाने फक्त एक डाइम, म्हणजे दहा सेंट, थेट राष्ट्राध्यक्षांना पाठवा. रूझवेल्टना स्वतःला पोलिओ झालेला होता. व्हाइट हाउसची टपालखोली पाकिटांनी बुडाली, 26 लाखांच्या वर नाणी आली. याच संस्थेच्या पैशावर पुढे जोनास साल्क यांची लस तयार झाली आणि 12 एप्रिल 1955 ला ती सुरक्षित आणि परिणामकारक असल्याचं जाहीर झालं. पण मला त्यातली आवडते ती 1950 ची गोष्ट, फीनिक्स शहरात आयांनी ठरवलं की एका संध्याकाळी एक तास घरोघर फिरायचं, ज्यांना द्यायचंय त्यांनी घराबाहेरचा दिवा लावून ठेवायचा. म्हणजे मागणाऱ्याला दार वाजवून नकार ऐकायचा नाही आणि न देणाऱ्याला तोंड चुकवायचं नाही. पैसे मागायची इतकी शहाणी पद्धत मी दुसरी पाहिली नाही. तुमचा दिवा काय असेल ते तुम्ही शोधा, आम्ही मेसेजवर नुसता अंगठा मागायचो, ज्याचा अंगठा आला त्यालाच फोन, बाकीच्यांना पुन्हा त्रास नाही.

ऑनलाइन क्राउडफंडिंगचंही बऱ्याच जणांनी विचारलंय, त्याचं इथेच सांगते. एखाद्या वस्तूसाठी ते छान चालतं, वजनकाटा, कान तपासायचं यंत्र, छोटा फ्रिज, म्हणजे जे एकदा घेतलं की संपलं. डिझेलसाठी नाही चालत, कारण डिझेल दर महिन्याला लागतं आणि त्याच मित्रमंडळींना दर महिन्याला तीच लिंक पाठवली की ते तुम्हाला म्यूट करतात. वेबसाइट किती टक्के कापून घेते ते आधी वाचा. मोहीम उघडण्याआधीच जवळच्या दहा-पंधरा जणांना सांगून ठेवा की पहिल्या दिवशी टाका, कारण शून्यावरचा आकडा बघून अनोळखी माणूस कधीच पहिला होत नाही. पैसे कोणाच्या वैयक्तिक खात्यात अजिबात नकोत, संस्थेच्या नावाचं खातं, दोघांच्या सह्या, आणि पावती त्याच दिवशी. नोंदणी, करसवलत, परदेशातून येणारा पैसा यांचे नियम जिथले तिथे वेगळे असतात, त्यासाठी एखादा हिशेबनीस सुरुवातीलाच गाठा, नंतर निस्तरायला तोच दुप्पट घेतो.

प्रश्न : देणगीदार म्हणतात आमचा सगळा पैसा मुलांवरच खर्च झाला पाहिजे, पगारावर एक दमडी नको. आम्हीही पोस्टरवर तसंच छापलंय. पण ड्रायव्हरला तर पैसे द्यावेच लागतात, ते कुठून दाखवायचे?

उत्तर : ते पोस्टर आधी काढा. तुम्ही खोटं छापलंय, आणि आता ते खरं दाखवायला वहीत खोटं लिहायची वेळ आलीये.

ड्रायव्हर हा मुलांवरचाच खर्च आहे. हौशी ड्रायव्हर आम्हीही करून बघितले, एक जण चांगला होता, त्याला नोकरी लागली, दुसरा सकाळी उठायचा नाही, तिसऱ्याने गाडी दुभाजकावर चढवली आणि आत नर्स बसलेली होती. शेवटी पगारी माणूस ठेवला. त्यालाच कुठल्या वस्तीत कुठल्या वळणावर गाडी रुतते ते माहीत, कुठली आई कामावरून किती वाजता परतते ते माहीत, आणि कार्डं न आणणाऱ्या पोरांची नावंसुद्धा त्यालाच पाठ. डॉक्टर बदलत राहिले, तो राहिला. मुलं डॉक्टरला नाही, त्याला हाक मारायची.

देणगीदाराला हे सांगितलं तर समजतं, बहुतेकांना समजतं. अमेरिकेत देणग्यांच्या संस्थांची तपासणी करणाऱ्या तीन मोठ्या संस्थांनी, गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स यांनी, 2013 मध्ये देणगीदारांना जाहीर पत्रच लिहिलं होतं की नुसत्या वरखर्चाच्या टक्क्यांवरून संस्था चांगली की वाईट ठरवू नका. वर्षानुवर्षं ज्यांच्याकडे लोक हेच टक्के बघायला जायचे त्यांनीच असं म्हणावं लागलं. तुम्ही महिन्याचा एका पानाचा हिशेब उघडा ठेवा, त्यात ड्रायव्हरचा पगार पहिल्याच ओळीत ठळक लिहा, लपवलेली ओळच संशयाची होते. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही.

प्रश्न : एका दात्याला गाडीवर नाव हवंय. ते बेबी फूडच्या धंद्यात आहेत. घ्यावं का?

उत्तर : नाही. आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या जाहिरातीबद्दल 1981 मध्ये जागतिक आरोग्य सभेने आंतरराष्ट्रीय संहिता केली ती उगाच नाही. तुमच्या गाडीत तान्ही बाळं घेऊन आया येणार, डॉक्टर सांगणार सहा महिने फक्त अंगावरचं दूध, आणि उतरताना गाडीवर डब्याचं नाव वाचणार, मग डॉक्टरचं बोलणं गेलं ना वाया. तंबाखूवाल्यांनाही तेच उत्तर. पुढाऱ्यांचं म्हणाल तर देणगी घ्या, पावती द्या, नाव गाडीवर नको, निवडणूक हरले की रंगाचा खर्चही तुमच्याच अंगावर येतो.

प्रश्न : हे लिहितानाही कसंतरी होतंय. आमचा दवाखाना चार वर्षं चालला, आता खात्यात फक्त पाच महिन्यांचे पैसे उरलेत, नवे येत नाहीयेत, दोन डॉक्टर परदेशी गेले. बंद करायचं म्हणजे हरल्यासारखं वाटतं. थोडं ताणून बघावं का?

उत्तर : ताणून बघा, पण आजपासून बंद करायच्या तयारीनेच. दोन्ही एकाच वेळी करता येतं, आणि पैसे मागतानाही हेच खरं सांगता येतं, "आमच्याकडे पाच महिने आहेत." मी बघितलंय, असं साफ लिहिलेल्या पत्राला जेवढी उत्तरं येतात तेवढी रंगवलेल्या पत्राला कधी येत नाहीत. जुन्या देणगीदारांना सगळ्यात आधी लिहा, नव्यांच्या मागे धावत बसू नका, जो एकदा देऊन गेलाय आणि ज्याला तुम्ही नंतर कधी फोनच केला नाही असा माणूस तुमच्या वहीत पन्नास जागी सापडेल.

नवी वस्ती घेऊ नका. नव्या मुलाची तपासणी जरूर करा पण लांबणारा उपचार तुमच्या गाडीवर सुरू करू नका, थेट जवळच्या सरकारी किंवा धर्मादाय दवाखान्यात पोचवा, सोबत माणूस देऊन. जी मुलं आधीपासून तुमच्यावर अवलंबून आहेत त्यांची वेगळी यादी काढा, इंजेक्शनची मुलं, फिटची औषधं चालू असलेली, ज्यांच्या एका डोळ्यावर पट्टी बांधून दुसऱ्या आळशी डोळ्याला काम द्यायचं चाललंय ती (हा उपचार साधारण सात वर्षांच्या आत जितका लागू पडतो तितका नंतर पडत नाही, त्यामुळे त्यांना थांबवून चालत नाही). यादीतल्या प्रत्येक नावापुढे पुढे कोण बघणार ते लिहायचं, दवाखाना, वार, खिडकी नंबर, आणि ती चिठ्ठी आईच्या हातात, तोंडी नाही. पाच महिन्यांतला शेवटचा महिना फक्त याच कामाला ठेवा, त्याचं डिझेल आत्ताच वेगळं काढा, नाहीतर ते कशात तरी जाईल.

आणि केसपेपरवर "पुढची तारीख" असा रकाना असेल ना, आमच्याकडे होता, उजव्या कोपऱ्यात. पाचव्या महिन्यानंतरची तारीख तिथे लिहू नका. सवयीने पेन तिकडे जातं, माझंही जायचं, म्हणून आम्ही शेवटच्या दोन महिन्यांचे कागद तो रकाना न ठेवताच छापून घेतले होते.